तिला काय खटकलं

फुगेवाले म्हटल्यावर बागेच्या फाटकाशी दोऱ्यांचा झुबका धरून उभा असलेला माणूस तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो आधी पुसून टाका. आपल्या फुगेवाल्यांच्या फुग्यांत हवा नव्हती, शब्द होते. चित्रकथेत माणसं जे बोलतात ते ज्या गोल चौकटीत लिहिलेलं असतं, त्याला त्या धंद्यात फुगा म्हणतात. एका साप्ताहिकासाठी असे फुगे काढायचे आणि त्यांत सुबक अक्षर भरायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. चित्रं दुसरा कोणी काढायचा, गोष्ट तिसरा कोणी लिहायचा. फुगेवाले खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर वाकून आधी पेन्सिलीने बारीक रेघा आखायचे, मग टाक शाईत बुडवून अक्षर लिहायचे, आणि चुकलंच तर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन वर पुन्हा लिहायचे. ओरडणाऱ्याचा फुगा काटेरी, कुजबुजणाऱ्याचा तुटक रेघेचा, आणि मनातल्या मनात बोलणाऱ्याचा ढगासारखा. एवढी त्यांची विद्या, आणि ती त्यांना चोख येत होती.

आता ह्यातली गंमत ऐका. इतकी वर्षं गोष्टी लिहून काढणाऱ्या ह्या माणसाने त्यातली एकही गोष्ट वाचली नव्हती. पानं त्यांच्याकडे यायची ती चित्रकाराचं जसं आटपेल तशी. शेवटचं पान आधी, मधलं मग, पहिलं सगळ्यात शेवटी. राक्षस आधी मरायचा आणि आठवड्याने जन्माला यायचा. फुगेवाल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. वाक्य फुग्यात मावतं की नाही, एवढंच ते बघायचे. मावलं नाही की उठून लेखकाच्या टेबलाशी जायचे आणि म्हणायचे, "साहेब, दोन शब्द उडवा. फुगा फुटतोय." लेखक कपाळाला हात लावायचा, पण शब्द उडवायचा.

ही सवय त्यांनी घरीही आणली होती. आणि घरी होत्या बाई.

बाई म्हणजे त्यांची बायको. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर त्या बसायच्या आणि सगळे त्यांना बाईच म्हणायचे, म्हणून आपणही तेच म्हणू. अंगाने बुटक्या, आवाजाने मोठ्या. पुस्तक द्यायच्या, पण तोंड बंद ठेवून देतील तर शपथ. "ही न्या, पण शेवटची पानं वाचू नका. लेखकाला घरी जायची घाई झालीय." "ह्यात पहिली पन्नास पानं नुसते पडदे आहेत. पडद्यामागे कोणी नाही." एका प्रौढ गृहस्थांना तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "हा लेखक हुशार आहे, आणि ते त्याला माहीत आहे, तीच अडचण आहे." ते गृहस्थ स्वतः लिहीत असत. पुढे महिनाभर ते वाचनालयाकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी वेळ संपली की बाई खिडकीची लाकडी फळी खाली ओढायच्या, आणि कोणी धावतपळत आलंच तर फळीच्या फटीतून एकच शब्द बाहेर यायचा, "उद्या!" त्यावर अपील नव्हतं.

घरी आल्यावर दोघं चहा घेत बसायची, तेव्हा बाई आदल्या दिवशी वाचलेलं पुस्तक नवऱ्याला सांगायच्या. सगळं सांगायच्या, कोण कोणाचा कोण, कोण कोणावर रुसलं, शेवटी काय झालं. सांगून झालं की वाकवलेलं बोट टेबलावर दोनदा वाजवायच्या आणि म्हणायच्या, "चांगलं आहे हो. पण एक खटकलं."

हे जे एक खटकायचं ना, ते कधीच इतरांना खटकलेलं नसायचं. एका कादंबरीच्या नायकासाठी म्हणे अख्खं गाव रडलं होतं, वाचनालयातल्या पोरीही रडल्या होत्या. बाई म्हणाल्या, "त्याची बायको कादंबरीभर चहाच ओतते हो. एकदासुद्धा त्या मेल्या लेखकाने तिला खाली बसवून चहा प्यायला दिला नाही." इतकं बोलून त्या स्वतःचा कप उचलायच्या आणि नवऱ्याकडे बघायच्या. तो काहीतरी म्हणेल अशी आशा त्यांनी किती वर्षं धरली होती, देव जाणे. फुगेवाले म्हणायचे, "हं." कधी म्हणायचे, "थोडक्यात सांग ना." आणि एकदा तर बाईंचं खटकलेलं ऐन रंगात आलेलं असताना ते म्हणाले, "तो दिवाणखान्यातला दिवा मिणमिणतोय, बघितलास का?" बाई त्या दिवशी संध्याकाळभर बोलल्या नाहीत, आणि ते फुगेवाल्यांच्या लक्षातही आलं नाही. वाईट माणूस नव्हता हो. चार लोक असतात तसाच, बायको बोलते आहे म्हणजे घरात सगळं ठीक आहे असं मानणारा.

दोघांचीही नोकरी संपली. साप्ताहिक त्याआधीच बंद पडलं होतं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. बाई वाचनालयातून आता वाचक म्हणून पुस्तकं आणायच्या आणि खिडकीवरच्या नव्या मुलीला शहाणपण शिकवायच्या. असंच आयुष्य चाललं असतं, पण एका साध्या सकाळी केस विंचरताना बाईंच्या हातातून फणी पडली. ती उचलायला त्या वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या नाहीत.

जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आणि बोलणं गेलं. एवढ्या बोलक्या बाईच्या तोंडात एकच शब्द उरला, आणि तो होता "उद्या". इस्पितळात पहिले काही दिवस त्या काहीही विचारलं तरी तेच म्हणायच्या. पाणी हवं का, उद्या. कुठे दुखतंय का, उद्या. स्वतःच्या तोंडून ते ऐकून त्यांच्या डोळ्यांत जी भीती यायची, ती बघवत नसे. घरी आल्यावर थोडं सुधारलं. मान हलवून हो-नाही सांगता यायला लागलं, डाव्या हाताने वस्तू दाखवता यायला लागली. समजत तर सगळंच होतं. वाचता मात्र येईना. अक्षरं डोळ्यांसमोर मुंग्यांसारखी पांगायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. "उद्या" पहिल्यासारखं ऊठसूट येईना, पण अधूनमधून यायचं, आणि आलं की जोरात यायचं.

फुगेवाल्यांनी त्याचा अर्थ लावला. त्यांना वाटलं, आता तिला शब्द आपल्या जागी वापरता यायला लागला. जन्मभर ही ज्या शब्दाने खिडकी बंद करत आली, त्याच शब्दाने आता सांगते आहे की पुरे, दमले, राहिलेलं उद्या. दुसऱ्या कोणी हा अर्थ लावला नसता. ज्याने ती फळी खाली येताना वाचनालयाबाहेर सायकल घेऊन उभं राहून हजार वेळा बघितली होती, त्यालाच तो सुचला. आणि एकदा अर्थ लागल्यावर तो त्यांनी अगदी कसोशीने पाळला. ज्या माणसाने बायकोच्या लाखभर शब्दांतला एक धड ऐकला नव्हता, तो आता तिच्या एकुलत्या एका शब्दासाठी कान टवकारून बसायला लागला.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या. तरुण होत्या, पण पोरकटपणा नव्हता. त्यांनी पिशवीतून लहान मुलांची चित्रांची पुस्तकं काढली तेव्हा बाईंनी तोंड फिरवलं. ज्या बाईने बड्या बड्या लेखकांना सुनावलं होतं, तिच्या मांडीवर मोठ्या अक्षरांचं, गुळगुळीत पुठ्ठ्याचं पुस्तक. मॅडम म्हणाल्या, "काकू, चित्राचा आधार असला की शब्द लवकर सापडतो. काका, तुम्ही रोज थोडं वाचून दाखवा. सावकाश."

"मी?" फुगेवाले म्हणाले. "मला नाही हो वाचता येत असं."

"तुम्ही तर जन्मभर लिहिलंय ना?"

"लिहिलंय. वाचलं कुठे?"

पण वाचायला बसले. दुपारची झोप झाली की बाईंना उशांना टेकवून बसवायचं, पडदा बाजूला करायचा, आणि खुर्ची पलंगाला लावून सुरुवात करायची. पहिलं पुस्तक एका मुंगीचं होतं. साखरेचा दाणा पाठीवर घेऊन ती घरी निघते, वाटेत पाऊस लागतो, आणि दाणा विरघळत जातो. पानोपानी दाणा लहान होत जातो आणि मुंगीला ते माहीत नसतं. घरी पोचते तेव्हा पाठीवर काहीच नसतं. फुगेवाले एकेक अक्षर टाकाने कोरल्यासारखं वाचत होते. मुंगीने दारातून हाक मारली त्या पानावर बाईंनी डावा हात पुस्तकावर दाबून धरला. "उद्या," त्या म्हणाल्या. "उद्या! उद्या!"

"बरं बरं," म्हणत फुगेवाल्यांनी पुस्तक मिटलं. "दमलीस. उद्या वाचू."

बाईंनी गादीवर हात आपटला. फुगेवाल्यांना वाटलं, दुखलं असेल. त्यांनी उशी नीट केली. दुसऱ्या दिवशी उरलेली दोन पानं वाचली. मुंगीची आई तिची ओली पाठ चाटते आणि म्हणते, गोड आहे गं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पुस्तकाचंही दुधासारखंच असतं, गरम असताना प्यायचं ते दुसऱ्या दिवशी प्यायलं की वर साय धरलेली असते. फुगेवाल्यांच्या मनात आलं, हिला हे आवडलेलं दिसत नाही.

त्यांना स्वतःला मात्र ती मुंगी लागून राहिली होती. दूध तापत ठेवल्यावर, दाराची कडी लावताना, ती ओल्या पाठीची मुंगी मध्येच आठवायची. ह्याला काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं, पण विचारायची सोय नव्हती.

चित्रांची पुस्तकं संपली तेव्हा त्यांनी माळ्यावरून आपलं जुनं साप्ताहिक काढलं. बाईंनी ह्या चित्रकथांना कधी हात लावला नव्हता. आता फुगेवाले आपल्याच अक्षरातलं वाचायला लागले, तेही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सरळ क्रमाने. एक दर्यावर्दी, त्याचा पांढरा घोडा, एक लबाड सावत्र काका. फुगेवाल्यांना गोष्ट अशी काही चढली की चहा निवायला लागला. आणि मग एका अंकात घोडा मेला.

"अगं, हा मेला?" फुगेवाले ओरडले. "मीच लिहिलंय हे! बघ, माझंच अक्षर आहे. 'निरोप दे, मित्रा.' तुटक रेघेचा फुगा काढलाय मीच. आणि मला पत्ता नाही?"

बाई हसल्या. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसल्या. अर्धंच तोंड हसलं, पण डोळे पुरे हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, "उद्या." फुगेवाल्यांनी गठ्ठा बांधून ठेवला. काका पकडला गेला की नाही हे बघायला त्यांचाच जीव वरखाली होत होता, पण बायकोचा शब्द म्हणजे शब्द.

मग मुलीने कादंबरी पाठवली. नवी होती, चांगली जाडजूड, सगळीकडे नावाजलेली. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, आईला आता हे वाचा. मुलांची पुस्तकं पुरे झाली."

कादंबरी एका नावाड्याच्या घराची होती. पहिल्याच प्रकरणात त्याची बायको पलीकडच्या काठाला उतरते आणि परत येत नाही. मागे नवरा, दोन पोरं आणि एक कुत्रा. पोरं मोठी होतात, नदीवर पूल होतो, नाव पडून राहते. शेवटी म्हातारी होऊन ती बाई पुलावरून चालत घरी येते. हे सगळं तुम्हाला एका दमात सांगितलं, पण फुगेवाल्यांना ते वाचायला किती दिवस लागले ह्याला गणती नाही. आधीच वाचन अडखळतं, त्यात दर तीन-चार पानांनी "उद्या". पोरगा आईची चप्पल उशाशी घेऊन झोपतो, तिथे उद्या. नवरा दुसऱ्या बाईला नावेत बसवायला नकार देतो, तिथे उद्या. जिथे म्हणून फुगेवाल्यांचा स्वतःचा आवाज दाटायचा, नेमकी तिथेच बाईंची खिडकी बंद व्हायची. त्यांना वाटायचं, हिला सोसत नाही, नको उगाच ताण. मध्येच डॉक्टर येऊन गेले. दाराबाहेर नेऊन म्हणाले की रक्तदाब आवरत नाही, दुसरा झटका येऊ शकतो, आणि आला तर मोठा येईल. त्यानंतर तर बाईंनी "उद्या" म्हणायच्या आधीच, त्यांचा चेहरा बदलला की फुगेवाले पुस्तक मिटायला लागले. बाई त्यांच्याकडे अशा बघायच्या की बघणाऱ्याला पाझर फुटावा. फुगेवाल्यांना फुटतच होता, पण उलट्या दिशेने.

मुलगी आईला भेटायला आली तेव्हा कादंबरी अर्ध्यावर होती. दुपारी बाबा वाचत होते, ती पायथ्याशी बसून आईचे पाय चोळत होती. थोरला मुलगा पूल बांधणाऱ्यांत कामाला लागतो आणि बापाला ते सांगत नाही, असा तो भाग होता. बाप एक दिवस त्याला पुलावर उभा बघतो. "उद्या!" बाई म्हणाल्या. फुगेवाल्यांनी खूण घालून पुस्तक मिटलं.

"बाबा, का थांबलात?" मुलगी म्हणाली.

"ती म्हणाली ना. उद्या."

"म्हणाली म्हणजे? बाबा, तो शब्द नाहीये. मॅडमनी सांगितलं नव्हतं का? तो आपोआप बाहेर येतो. आईला आतून भरून आलं, आवडलं, राग आला, काहीही झालं की तोंडातून तेवढंच येतं. त्याचा उद्याशी काही संबंध नाही."

"मला कधी सांगितलं?"

आईला घरी आणायला मुलगी आली असताना मॅडमनी ते पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, आणि तेव्हा बाबा आत चहा टाकत होते. मुलीला वाटलं बाबांनी ऐकलं असेल. बाबांना वाटलं त्यांच्यासाठी काही सांगायचं नसेल. एवढ्याशा गोष्टीने एवढं झालं.

फुगेवाले खुर्चीत बसून राहिले. मुंगी आठवली, घोडा आठवला, उशाची चप्पल आठवली. जिथे जिथे बायको म्हणत होती की वाचा हो, थांबू नका, तिथे तिथे ह्यांनी तिच्या तोंडावर फळी ओढली होती, आणि वर आपण तिचं ऐकतो आहोत म्हणून स्वतःला शाबासकी दिली होती. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी डोळे मिटून हळूच मान हलवली, हो म्हणून. फुगेवाल्यांना हुंदका आला. मुलीसमोर ते कधी रडले नव्हते. "अगं, मारायचं ना मला," ते म्हणाले. "डावा हात चालतो ना तुझा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी वाचायला घेतलं. मुलगी परत गेली होती. बाई "उद्या" म्हणाल्या की ते म्हणायचे, "हो, हो, वाचतोय," आणि आवाज चढवून पुढे जायचे. कधी बाईंचा हात हातात घेऊन पुढे जायचे. कुकर केला नाही, केर काढला नाही. दूधवाला दार वाजवून गेला. घशाला कोरड पडली तशी पाणी प्यायले आणि पुन्हा सुरू झाले. म्हातारी पुलावरून येते, नवरा दारात उभा असतो, काही न बोलता बाजूला होतो, ती आत जाते आणि चुलीपाशी बसते, पोरं येऊन तिच्या पाया पडतात. संपलं. फुगेवाल्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी एक कादंबरी पुरी केली होती, आणि ती त्यांना भयंकर आवडली होती.

"काय गं," ते म्हणाले, "कशी आहे?"

बाईंनी डावा हात वर केला, बोट वाकवलं, आणि पुस्तकाच्या पाठीवर दोनदा वाजवलं.

फुगेवाल्यांना आनंदाने काय करावं ते सुचेना. खटकलं! हिला खटकलं! बायको परत आली होती, पुरी, जशीच्या तशी. ते खुर्ची ओढून अगदी जवळ सरकले आणि म्हणाले, "सांग."

आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी श्वास घेतला, भुवया जवळ आणल्या, मान थोडी तिरकी केली, वाचनालयाच्या खिडकीत करायच्या तशी, आणि म्हणाल्या, "उद्या उद्या. उद्या, उद्या उद्या उद्या." मध्ये थांबल्या. पुन्हा बोलल्या. त्यात प्रश्न होता, टोमणा होता, एक अख्खा मुद्दा होता, त्याला पोटमुद्दे होते. सूर सगळा जागच्या जागी, शब्द तेवढा एकही नाही. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं की ह्याला काही कळलेलं नाही.

"ती परत यायला नको होती?" फुगेवाल्यांनी विचारलं.

बाईंनी मान हलवली. नाही.

"पोरांनी लगेच माफ केलं ते?"

नाही.

"नवरा काहीच बोलत नाही ते?"

बाई थबकल्या. मग त्यांनी हात हलवला. जवळ आलात, पण ते नाही, असं असेल. की ते तसं नाही. की त्याहून वेगळं काही. हाताच्या हलण्याचे अर्थ तरी किती लावायचे. फुगेवाल्यांनी कपाट उघडलं, जुना पुठ्ठा काढला, कात्रीने फुगे कापले, आणि टाक घेऊन लिहायला बसले. पूल. नाव. दुसरी बाई. धाकटा मुलगा. शेवट. भाषा. सुचेल ते एकेका फुग्यात लिहिलं आणि मोठ्याने वाचत एकेक बाईंसमोर धरला. बाई एकेक बाजूला सारत गेल्या. "कुत्रा?" फुगेवाल्यांनी विचारलं. "मधल्या भागात कुत्रा कुठे जातो ते लिहिलंच नाही." बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. म्हणजे तेही त्यांना खटकलं होतं, पण मुख्य ते नव्हतं.

फुगे संपले. गादीवर पांढरा पसारा झाला. फुगेवाले म्हणाले, "मी ऐकायला हवं होतं गं. तेव्हा ऐकलं असतं तर आता मला ओळखता आलं असतं. तुला काय खटकतं ह्याची मला सवय असती." बाईंनी ऐकलं. रागावल्या नाहीत. त्यांचं तोंड वाकडं झालं आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, लहान पोर दमून रडतं तशा. फुगेवाल्यांनी पुठ्ठे गोळा केले, आणि त्यांच्या शेजारी पलंगावर जागा करून बसले. दुपार कलली, खोलीतलं ऊन भिंतीवर गेलं.

पुढच्या आठवड्यात दुसरा झटका आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा मोठा होता. मधल्या दिवसांत फुगेवाले रोज विचारत होते, रोज नवीन काहीतरी सुचवत होते, आणि रोज बाई मान हलवत होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं होतं, "नावाड्याच्या बायकोला नावच दिलं नाही, ते?" बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. हो की नाही, हे सांगायच्या आत मॅडम आल्या, आणि मग ते राहून गेलं.

भेटायला येणारी माणसं येऊन गेली. मुलगी आईच्या वस्तू आवरायला राहिली. तिने आईचे कपडे वाटले, औषधं दुकानदाराला परत दिली, पलंग भिंतीला लावला. फुगेवाले खिडकीपाशी बसून कादंबरी वाचत होते. आता त्यांचा वेग वाढला होता. त्यांना त्यात कितीतरी गोष्टी खटकायला लागल्या होत्या. पलीकडच्या काठाला ती बाई इतकी वर्षं काय करत होती, ते लेखकाने एका ओळीत उरकलं होतं. नवऱ्याच्या दुःखाला प्रकरणंच्या प्रकरणं दिली होती आणि तिचं जेवणखाण, झोप, आजारपण, कशाचा पत्ता नव्हता. शिवाय परत आल्यावर तिला कोणी विचारत नाही की तू का गेलीस. हे असेल का? की ती चुलीपाशीच का बसते, हे? की आणखी काही, जे ह्यांच्या डोळ्यांना अजून दिसतच नव्हतं? एकेक सापडत होतं आणि प्रत्येक वेळी ते मान वर करून पलंग होता त्या बाजूला बघत होते.

निघायच्या दिवशी मुलगी पिशवी भरताना म्हणाली, "बाबा, ती कादंबरी मी नेऊ का? माझ्या मैत्रिणीला वाचायचीय. तुमची तर किती वेळा वाचून झाली असेल."

फुगेवाल्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. "अजून नाही झाली," ते म्हणाले.